घरच्यांसाठी वाचा-सराव : कोपरखैरणे गटाच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

गट ठरला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर वाचा गेलेल्या माणसांच्या घरची मंडळी, शनिवारी दुपारी चार ते साडेपाच, कोपरखैरण्यातल्या समाजमंदिराची मागची खोली. रुग्ण सोबत आले तर चांगलंच, पण शिकवणी घरच्यांची. पुढची तुकडी ऐरोलीत सुरू व्हायची आहे. ती जी सहकारी घेईल तिच्यासाठी या नोंदी.

गरज कुठून आली ते एकदा लिहून ठेवते. इथून वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दोषांच्या राष्ट्रीय संस्थेत जायचं म्हणजे वाशीला गाडी बदला, वडाळ्याला बदला, वांद्र्याला उतरून रिक्षा धरा. उजवा हात-पाय लुळा पडलेल्या माणसाला घेऊन हे दर आठवड्याला कोण करणार? एकदा तपासणीला जातात, निदान होतं, आणि त्यापुढची थेरपी म्हणजे फ्रिजवर चिकटवलेला एक झेरॉक्स कागद. अ आ इ ई म्हणून घ्या, फुगा फुगवून घ्या, मेणबत्ती विझवून घ्या. महिन्याभरात त्या कागदावर दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला असतो.

अटी दोनच. डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट यांनी एकदा तरी तपासलेलं हवं. आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर आधी डॉक्टर. अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन छातीत संसर्ग होण्याचा धोका असतो. गिळण्याचे व्यायाम गटात शिकवायचे नाहीत. सगळ्यांनाच लागू पडेल अशी एक गोष्ट मात्र फॉर्मवर छापली : आडवं पडल्या-पडल्या काही भरवू नका, पाठ सरळ टेकवून बसवा, खाल्ल्यावर अर्धा तास तसंच बसू द्या.

फॉर्ममध्ये ‘नातेवाईकाचं नाव’ होतं ते खोडून ‘दिवसभर जवळ कोण असतं?’ असं केलं. नाव नोंदवायला बहुतेक मुलगा येतो, तोही ऑफिसच्या पट्ट्यासकट. जवळ असते ती बायको, सून, नाहीतर बारा वर्षांची नात.

१४ जून

सात-आठ घरं आली. पाऊस, त्यामुळे उशिरा.

सगळ्यांचं एकच म्हणणं, जीभ जड झाली. फळबाजारच्या काकूंनी (काका वाशीच्या घाऊक बाजारात गाळ्यावर विक्री बघायचे, आंब्याचा हंगाम संपता संपता झटका आला) पिशवीतून अक्कलकाऱ्याची पुडी काढून दाखवली. मधातून जिभेला चोळतात. “गुण येईल म्हनत्यात, मॅडम. पण काय बोलत्यात तेच कळंना.”

काकांना जीभ बाहेर काढायला सांगितली. काढली. डावीकडे-उजवीकडे फिरवली, ओठ चाटले. जीभ तर नीट चालते, मग अडलंय कुठं, असं काकूंनीच विचारलं तेव्हा फळ्यावर मेंदू काढला. भाषेचा कारभार बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्यात चालतो आणि डावा अर्धा शरीराची उजवी बाजू हलवतो. म्हणून डावीकडची रक्तवाहिनी तुंबली की उजवा हात आणि शब्द बरोबरच जातात. याला अफेजिया म्हणतात. झटका आलेल्या साधारण तिघांपैकी एकाला सुरुवातीला तो असतो. बुद्धी जात नाही, ओळख जात नाही, चव, मान, राग, लाज सगळं जागेवर असतं.

पॅरिसच्या त्या रुग्णाची गोष्ट सांगितली, जो काहीही विचारलं तरी ‘टान’ एवढंच म्हणायचा. १८६१ मध्ये तो वारल्यावर डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. लगेच मागून आवाज आला, “आमचे ‘हो हो’ करतात.” काकू म्हणाल्या, “आमचे बी हो हो. आन् एक शिवी. शिवी लई साफ येती.” खोली हसली, काकाही हसले. ते हसले हे मी मुद्दाम सगळ्यांच्या नजरेला आणून दिलं.

गृहपाठ : संध्याकाळच्या चहाचं पाच मिनिटांचं मोबाइल रेकॉर्डिंग. ते त्यांच्याच फोनमध्ये राहील, ग्रुपवर टाकायचं नाही, रुग्णाने मान हलवून नको म्हटलं तर करायचं नाही.

२१ जून

रेकॉर्डिंगं ऐकली. गटाचं खरं काम आज समजलं, म्हणून ही नोंद लांबणार.

जवळजवळ प्रत्येक घरात रुग्णाशी बोललेलं वाक्य प्रश्न होतं, आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होतं. “हे काय आहे? सांगा, काय आहे? कप. म्हणा, कप. माझं नाव काय? आज वार कोणता?” फळबाजारच्या काकांची मुलगी पुण्याला असते, ती रोज रात्री व्हिडिओ कॉल करते आणि पहिलं वाक्य, “पप्पा, मी कोण? ओळखलं का?” काकांचा चेहरा पडद्यावरून हळूच बाजूला होतो. मग मुलगी रडते. मग काकू फोन घेतात.

पाहुणे हेच करतात, शेजारी हेच करतात, खुद्द आम्ही थेरपिस्ट तपासणीत हेच करतो. फरक इतकाच की तपासणी अर्ध्या-पाऊण तासात संपते. घरी ती पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असते आणि परीक्षा घेणारे त्याच माणसाचे मुलगे-सुना. ज्याच्या शब्दावर पेट्यांचा भाव ठरायचा त्याला ‘कप म्हणा’. मी त्या जागी असते तर मीही भिंतीकडे तोंड केलं असतं.

काकूंना विचारलं, झटक्याआधी चहा पिताना काय बोलायचात? बराच वेळ विचार करून म्हणाल्या, “मी बोलायची, ह्ये ऐकायचे. कोन आलं, कोन गेलं, गावाकडं पाऊस झाला का.” म्हटलं, तेच करा. पहिल्या पंधरवड्याचा नियम एवढाच : ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे तो प्रश्न विचारायचा नाही. सांगायचं, दाखवायचं, थांबायचं.

एका सुनेने विचारलं, मग सराव कधी? रास्त प्रश्न. पुढच्या वेळी.

२८ जून

थांबण्याचा सराव. जोड्या केल्या. एकीने शब्द अडल्याचं सोंग घ्यायचं, दुसरीने मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत गप्प बसायचं. कोणालाच जमेना. चार-पाच आकड्यांवर तोंडातून शब्द सुटतोच. नवऱ्याच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसा शब्द काढून घेतो आपण, असं एक काकू म्हणाल्या.

दहा आकडे होऊनही शब्द आला नाही तर मदत, तीही पायरीपायरीने. आधी वस्तूचं वर्णन : “सकाळी दात घासल्यावर आपण पितो ते.” मग अर्धवट वाक्य : “पाहुणे आले, ठेवा जरा...” आणि थांबायचं. मग पहिलं अक्षर, तोंडाचा आकार दिसेल असं : “च...” ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यासाठी पाटीवर ‘च’ लिहायचा; काहींना ऐकण्यापेक्षा बघून सापडतं. शेवटी दोघांनी मिळून शब्द म्हणायचा आणि पुढे जायचं. दहा वेळा म्हणवून घ्यायचा नाही. आणि माणूस स्वतःहून बोलायची धडपड करत असेल तेव्हाच ही शिडी लावायची, नाहीतर पुन्हा परीक्षा. ‘चहा दिली’ आलं तर चहा द्यावा, व्याकरण राहू द्यावं.

हो-नाहीचा घोळ बऱ्याच घरांत आहे. तोंडाने ‘हो’, मनात ‘नाही’. त्यासाठी कार्डाच्या एका बाजूला हिरवा ‘हो’, दुसऱ्या बाजूला लाल ‘नाही’, आणि उलटा प्रश्न विचारून खात्री : “पंखा लावू?” ला हो आलं तर जरा वेळाने “पंखा बंदच ठेवू ना?” दोन्हींना हो आलं तर हात पंख्याच्या बटणाजवळ नेऊन चेहरा बघा.

टोरांटोच्या वाचा-भाषातज्ज्ञ ऑरा केगन यांची पद्धत यामागे आहे. रुग्णाला काय म्हणायचंय ते त्याला माहीत आहे, हे आपल्याला माहीत आहे असं उघड बोलून दाखवायचं, मग चित्र, लिखाण, खाणाखुणा, जे हाताशी असेल त्याने बोलणं पुढे न्यायचं. त्यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकवलं होतं फक्त स्वयंसेवकांना, पण त्यांच्याशी बोलताना रुग्णांचं बोलणंही सुधारलेलं दिसलं. आपल्याकडे ते वाक्य काकूंनी लगेच घरचं करून टाकलं : “तुमच्या डोक्यात हाय, मला ठावं हाय. दमानं.”

५ जुलै

उद्या आषाढी. हजेरी कमी, वारीचं वातावरण.

एका घरून तक्रार : बाबा अभंग अख्खा म्हणतात, टाळ वाजवत, पण पाणी मागायचं तर मुकाट. म्हणजे मुद्दाम करतात. मुलाचा आवाज चढलेला होता.

मुद्दाम अजिबात नाही. आकडे, वार, आरती, अभंग, शिव्या ही पाठांतराची भाषा. ती एका ओघात बाहेर पडते आणि तिला मेंदूचा उजवा भागही हात देतो असं मानतात. नवं वाक्य जुळवणं हे वेगळं काम, आणि तेच बिघडलेलं आहे. चालीवर बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती १९७३ पासून आहे, पण ती तज्ज्ञाने बसवायची असते. घरी एवढंच : रोज संध्याकाळी सोबत म्हणा, म्हणू द्या, आवाज मोकळा होतो, माणूस घरातल्यांत येतो. “आता अभंग म्हटलात ना, मग पाणी म्हणा” हे नको.

१२ जुलै

घणसोलीच्या आजी. यांना गटाचे आतापर्यंतचे नियम लागू पडत नाहीत, म्हणून त्यांच्या सूनबाईला वेगळं बसवलं.

आजी भराभर बोलतात, सूर-ठेका अगदी बरोबर, पण शब्द भलतेच : “ते तिकडचं वाजलं की गं, मी त्याला कालच पेरलं.” आपण काय विचारतोय ते त्यांना नीट उमगत नाही आणि आपलं चुकतंय हेही. इजा मागच्या भागात असली की असं होतं. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये याचं वर्णन केलं. घरात मात्र निदान झालेलं होतं, सासूबाईंना वेड लागलं. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, वेड नाही एवढंच मला कोणीतरी लिहून द्या. नणंदेला दाखवीन.” लिहून दिलं.

इथे थांबून उपयोग नाही, कारण शब्द अडलेलाच नाही. टीव्ही बंद, समोर बसायचं, एका वेळी एकच गोष्ट, छोटं वाक्य आणि वस्तू हातात. ‘आंघोळ’ म्हणताना टॉवेल खांद्यावर. विषय बदलताना जरा थांबून, हाताने खूण करून. चुकलेला शब्द दुरुस्त करत बसायचं नाही. सुरावरून राग आहे की काळजी ते ओळखून त्याला उत्तर द्यायचं.

ऐरोलीसाठी : हे दोन प्रकार पहिल्याच दिवशी वेगळे करा. ‘अफेजियाच्या घरच्यांसाठी सूचना’ असा एकच कागद काढला तर अर्ध्या घरांना तो उपयोगाचा नाही.

१९ जुलै

आजची नोंद आनंदाने लिहितेय.

फळबाजारच्या काकांसोबत त्यांच्या गाळ्यावरचे जुने सोबती आले. त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. काकांच्या शेजारी बसले, खिशातून रुमाल काढून दोघांच्या हातावर टाकला आणि आतून बोटं दाबली. काकांनी डाव्या हाताने उलटी दाबली. सोबती म्हणाले, “अरे, एवढ्याला कुठं देतो?” पुन्हा रुमाल हलला.

हापूसच्या सौद्यात भाव असा रुमालाखाली ठरायचा, तोंडाने बोललं तर शेजारच्या गाळ्याला कळेल म्हणून. काकांची बोटं ती भाषा विसरलेली नाहीत. झटका आल्यापासून काकूंना औषधाच्या गोळ्या किती, किती वाजलेत, रिक्षावाल्याने किती घेतले यातलं काही काकांकडून कळत नव्हतं. आज कळायला लागलं. अफेजियात पुष्कळदा खाणाखुणाही अडखळतात, तेव्हा हे सगळ्यांना जमेल असं नाही. पण त्या माणसाच्या धंद्यात तोंड न उघडता काय काय चालायचं, हे प्रत्येक घराला विचारायला हवं. शिंप्याची टेप, कंडक्टरची घंटी.

दुसरं, बोटांमागून तोंडातून आकडा आला तो हिंदीत, “देड सौ”. काकू हिरमुसल्या, मराठी का नाही? दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांत कोणती आधी परतते यावर जुने दोन ठोकताळे आहेत. दोन फ्रेंच अभ्यासकांपैकी रिबो म्हणतात सर्वांत आधी शिकलेली, पित्र म्हणतात सर्वांत जास्त वापरातली. प्रत्यक्षात दोन्ही कधी चुकतात. काकांचा भाव आयुष्यभर हिंदीतच निघाला, तो तसाच येऊ द्या. ‘मराठीत सांगा’ म्हणजे तीच परीक्षा नव्या वेषात.

२६ जुलै

तुर्भ्याचे रिक्षावाले दादा. यांची भाषा शाबूत, उच्चार लोळतात, स्नायू कमजोर. डिसार्थ्रिया. इथे मात्र तोंडाचं काम खरंच आहे : श्वास भरून मग बोलणं, दोन-दोन शब्दांनी तोडणं, प्रत्येक अक्षर जरा वाढवून. समोरच्याने कळल्याचं सोंग न आणता जेवढं कळलं तेवढं परत म्हणून दाखवायचं : “गॅरेजवाल्याला फोन करून... पुढचं नाही कळलं, परत सांगा.” मुलगी सहावीत आहे, गटातली सर्वांत चांगली जोडीदार तीच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अ‍ॅप तिने फोनवर घेतलं, त्यात मराठीही आहे. दादांना ते पोरकट वाटलं. अक्षरांचा तक्ता आवडला. ठीक.

वहिनी कुठे, विचारलं. घरकामाला जातात, शनिवारी चार घरं असतात.

२ ऑगस्ट

घरच्यांच्या दमण्याबद्दल. घणसोलीच्या सूनबाई पाचला उठतात, डबे, आजींचं सगळं, मग पार्लर. आम्ही ‘रोज अर्धा तास सराव’ लिहून देतो तो अर्धा तास त्यांनी कुठून आणायचा? घरचे म्हणजे फुकटचा थेरपिस्ट, हा विचार आमच्या क्षेत्रात फार सोयीचा झालाय.

यावर एक अभ्यास आपल्याच देशातला आहे, अटेंड नावाचा, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. १४ रुग्णालयांतले १,२५० पक्षाघाताचे रुग्ण. त्यातल्या निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसन शिकवून घरी करायला लावलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यात काही फरक दिसला नाही. त्यात एकूण परावलंबन मोजलं होतं, घरातलं बोलणं नव्हे. तरीही घरच्यांच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवण्याआधी प्रत्येकाने तो वाचावा.

म्हणून वेगळा अर्धा तास रद्द. जे होतंच त्यात बसवायचं : चहा, गोळ्या देणं, हाताला तेल चोळणं, भाजी निवडणं. यातलं एक काम प्रत्येक घराने निवडलं. सूनबाईंनी तेल चोळणं घेतलं, कारण तेव्हा आजी तशाही गप्प बसून ऐकतात.

माणूस सारखा रडतो, जेवत नाही, झोपत नाही, हे तीन घरांनी सांगितलं. झटक्यानंतर साधारण एक-तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. ‘बोलता येत नाही म्हणून वाईट वाटतंय’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, प्रश्न आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोष हा प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत अफेजियाचा उल्लेखही आहे, पण दोष कायमस्वरूपी असावा लागतो. झटक्याच्या दुसऱ्या महिन्यात रांगेत उभं राहू नका.

१६ ऑगस्ट

दहीहंडी. डीजेच्या आवाजात अफेजिया असो वा नसो, कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. सुट्टी.

२३ ऑगस्ट

मंगळवारच्या पावसाने लोकल कोलमडल्या होत्या, दोन घरं अजून गावाहून परतलेली नाहीत. आज फक्त बुधवारच्या गणपतीची तयारी. घरात पन्नास माणसं येणार आणि पन्नास वेळा ‘ओळखलं का?’ होणार.

एक कागद केला : ‘काकांना अफेजिया आहे. ते सगळ्यांना ओळखतात. जवळ बसा, तुमचं सांगा, उत्तराला वेळ द्या. नाव विचारून बघू नका.’ दारावर लावायचा ठरला, पण काकूंना ते पटेना. दारावर म्हणजे जगजाहीर. त्यांनी तोच मजकूर भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाकडून टाकून घेतला. ही सोय चांगली, ऐरोलीतही हीच करा.

३० ऑगस्ट

काकूंचा अहवाल : कागद निम्म्यांनी वाचला. न वाचलेल्यांना मुलाने दारातच गाठलं. थोरल्या दिरांनी तरीही “काय रे, ओळख आहे का?” केलंच, काकांनी ती शिवी दिली. दीर खूश, “आहे, ओळख आहे!”

पुण्याच्या मुलीने सुचवल्याप्रमाणे कॉलची सुरुवात बदलली. परवा तिने विकत आणलेली सीताफळं कॅमेऱ्यासमोर धरली आणि भाव सांगितला. काका म्हणाले, “छ्या! लु... लुटलं.”

१३ सप्टेंबर

तुकडीचा शेवटचा शनिवार, पितृपंधरवडा. चहाची रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकली. प्रश्न कमी, सांगणं जास्त, मध्ये मोकळ्या जागा. काकांचे शब्द थोडे वाढलेत. ते गटामुळे की काळानुसार आपोआप सुधारतं त्यामुळे, हे या नोंदींवरून सांगता येणार नाही आणि सांगूही नये. घणसोलीच्या आजींचं बोलणं होतं तसंच आहे, पण नणंद आता त्यांना दर रविवारी घेऊन जाते. सूनबाईंच्या दृष्टीने गटाचा फायदा तोच. एक घर मध्येच जावळीला गावी गेलं, फोन लागत नाही.

ऐरोलीसाठी उरलेलं. फॉर्मवरचा ‘दिवसभर जवळ कोण’ हा रकाना ठेवा आणि बोलावणं त्याच माणसाला करा, मुलाला नको. पहिल्या आठवड्यात रेकॉर्डिंग, बाकी सगळं त्यानंतर. फुगे-शिट्ट्या पेटीत ठेवलेल्या नाहीत, कोणी मागितल्या तर उच्चाराचा दोष आहे की भाषेचा ते आधी बघा. हो-नाही कार्डं लॅमिनेट करून दिलीत, पाट्या शाळेच्या दुकानातून घ्या, प्लास्टिकच्या नकोत, खडू घसरतो. घरकाम करणाऱ्या वहिनींना शनिवार जमत नाही, त्यांच्यासाठी रविवारी संध्याकाळची वेळ धरा. नवरात्रात बायका येणार नाहीत. नोंदणी दसऱ्यानंतर, ४ ऑक्टोबरपासून.